साहेब मान वळवत नाहीत

मंगळवार, ५ मार्च

लिहा विहीणबाई. आधी अट लिहा. ही वही खाजगी आहे. लिहायची तुम्ही, पण वाचायची नाही. मला अक्षर येत नाही म्हणून तुम्ही हव्यात. आणि शाळेतून निवृत्त झाल्यापासून तुमच्यापुढे कुणी वही धरत नाही म्हणून तुम्हाला मी हवी. दोघींची सोय झाली. माझं बोलणं सुधारायचं नाही. लाल शाई पर्समध्येच राहू द्या.

ही कल्पना सूनबाईची, म्हणजे तुमच्या लेकीची. म्हणाली, "आई, दिवसभर तो तुमच्याजवळ असतो. तो काय करतो, काय नाही, ते रोज कुणाला तरी सांगत जा. मला दुकानात बसून काही कळत नाही." कुणाला तरी म्हणजे तुम्हालाच की. रोज दुपारी खालच्या मजल्यावरून चहाला वर येता. तिला सांगायचं ते मी वेगळं सांगेन. हे माझं माझ्यासाठी.

तर "तो" म्हणजे आमचे साहेब. माझा नातू, तुमचाही नातूच, पण वही माझी आहे. दोन वर्षांचे झाले. साहेब म्हणते, कारण हाक मारली की मान वळवत नाहीत. मोठ्या हापिसात असतात ना तसे. फाइल बघतात, माणूस बघत नाहीत. साहेबांची फाइल म्हणजे डब्याचं झाकण. फरशीवर गरकन फिरवायचं, थांबलं की पुन्हा फिरवायचं. झाकण फिरत असताना जगात दुसरं काही नाही.

सूनबाई चष्म्याच्या दुकानात आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या डोळ्यांत बघून नंबर काढायचा तिचा धंदा. घरी येते आणि म्हणते, "आई, हा माझ्या डोळ्यांत बघत नाही." मी म्हटलं, "अगं, त्याला नंबर नाही काढायचा."

बोलत नाहीत म्हणूनही तिला घोर. आमच्या घरातले पुरुष उशिराच बोलतात. तिचा नवरा तीन वर्षांचा होईपर्यंत गप्प होता. आता बस चालवतो आणि दिवसभर प्रवाशांशी भांडतो. आणि आमच्या ह्यांचं, म्हणजे साहेबांच्या आजोबांचं म्हणाल, तर हे अजून सुरू व्हायचेत.

शुक्रवार, ८ मार्च

आज लस टोचायला गेलो. तिथली सिस्टर सुईआधी प्रश्न टोचते. हाक मारली तर बघतो का? हवं ते बोटाने दाखवतो का? किती शब्द बोलतो? सूनबाई तोंड उघडायच्या आत मी उत्तरं दिली. "बोट कशाला दाखवेल? मागायच्या आत हातात देते मी."

खरंच आहे ते. मी कपड्याच्या कारखान्यात काज करायला होते. शेजारणीचा दोरा संपायच्या आत माझ्याकडून नवं रीळ तिच्या मशीनवर जायचं. तीच सवय घरात. ह्यांना पाणी हवं हे ह्यांच्या आधी मला कळतं. चिरंजीवांना कधी "आई, भूक लागली" म्हणावं लागलं नाही. माझ्या घरात कुणाला मागावं लागत नाही, ही माझी शान आहे.

सिस्टरने माझ्याकडे बघितलं आणि सूनबाईच्या हातात मोठ्या डॉक्टरांच्या नावाची चिठ्ठी दिली. मुलांची वाढ बघणारी डॉक्टरीण म्हणे.

घरी येऊन मी म्हटलं, "पोरात काही खोट नाही."

"खोट आहे असं कोण म्हणतंय? मला कळायला हवं, एवढंच."

"कळायचंय काय त्यात? जेवताना मोबाइल दाखवतेस, पोरगं त्याच्यात बघतं. मग तुझ्याकडे कधी बघणार?"

ती उठली. भांडी घासायला लागली. घासलेलीच पुन्हा घासली. नीटनेटकी आहे पोरगी.

विहीणबाई, पेन एवढं दाबू नका, मागच्या पानावर उमटतंय.

गुरुवार, १४ मार्च

परीक्षा आहे तर तयारी नको? खालच्या शिंपीणबाईच्या भाच्याला त्याच डॉक्टरणीकडे नेलं होतं. तिच्याकडून सगळा अभ्यासक्रम काढून आणला. एक, नावाने हाक मारतात. दोन, बाहुलीला घास भरवायला सांगतात. तीन, लांबचं काहीतरी बोटाने दाखवतात आणि पोर तिकडे बघतं का बघतात.

बाहुली आणली. चमचा दिला. साहेबांनी चमचा फिरवला. बाहुली उपाशी.

हाकेचं मात्र माझ्याकडे आहे. माझं अंगुस्तान. शिवताना सुई बोटात जाऊ नये म्हणून घालतात ती पितळी टोपी. काम सुटलं तरी माझ्या बोटातून ती सुटली नाही. साहेब रांगत होते तेव्हापासून मी खुर्चीच्या हातावर टकटक केलं की लगेच वळतात. मग आता काय करायचं, आधी नावाने हाक, मागून हलकंच टकटक. दोन दिवसांत पक्कं झालं. हुशार आहे, माझ्यावर गेलाय.

ह्यांना करून दाखवलं. हे खिडकीपाशी बसून स्क्रू वेगळे करत होते. पाण्याच्या पंपावरून निवृत्त होताना लोक घड्याळ आणतात, ह्यांनी डबाभर जुने स्क्रू आणले. लहान, मध्यम, मोठे, रोज लावतात. कुणी मिसळत नाही तर स्वतःच मिसळतात. मी म्हटलं, "बघितलंत का, वळला." हे माझ्या कानामागच्या भिंतीकडे बघून म्हणाले, "हं." लग्नातसुद्धा असंच भिंतीकडे बघितलं होतं. मला वाटलं लाजतायत. पुढे कळलं, तशीच नजर आहे.

मंगळवार, १९ मार्च

पास.

डॉक्टरणीची खोली चांगली आहे. बुटकं टेबल, बुटक्या खुर्च्या. मोठ्या माणसांना भिंतीलगत बसवतात. डॉक्टरीणबाई वयाने माझ्या सुनेएवढी. चपला काढून सरळ जमिनीवर बसली. साबणाचे फुगे उडवले. साहेब फुग्यांवर खूष. फुगे संपले तर तिच्याकडे बघेना, फुगे होते त्या हवेकडे बघत राहिला. तिने मुद्दाम डबी बंद करून हातात धरली. साहेबांनी तिचं मनगट उचललं आणि डबीवर आदळलं, जसं काही मनगट म्हणजे पक्कड.

मग तिने मागून हाक मारली. नाही वळला. माझा हात आपोआप खुर्चीच्या दांड्यावर गेला. टक. वळला. तिने थोड्या वेळाने पुन्हा हाक मारली. टक. पुन्हा वळला. तिने माझ्याकडे बघितलं, मी पंख्याकडे बघितलं.

बाहुलीने घोटाळा केला. फळीवरचं खेळणं बोटाने दाखवलं तेव्हाही साहेब खेळण्याकडे नाही, तिच्या बोटाच्या टोकाकडे बघत बसले. पण हाकेत पैकीच्या पैकी.

शेवटी डॉक्टरीणबाई म्हणाली, "आज मला पूर्ण चित्र दिसलं नाही. तीन आठवड्यांनी पुन्हा या." म्हणजे काही सापडलं नाही. मी खुशीत बाहेर पडले. मागे बघते तर सूनबाई जिन्यात भिंतीला टेकून रडतेय.

मी म्हटलं, "अगं, पोर पास झालं आणि रडतेस? नापास झालं असतं तर काय हसली असतीस?"

ती म्हणाली, "हो."

कमाल आहे. विहीणबाई, तुमच्या लेकीला लहानपणी काय खायला घालत होतात? आणि पेन का खाली ठेवलंत?

बुधवार, २० मार्च

काल लिहिणं तिथेच थांबलं. का थांबलं ते आज लिहा, तुमचंच आहे.

विहीणबाईंनी पेन खाली ठेवून विचारलं, "टकटक कशाला केलीत?"

"सवय आहे हाताला."

"आणि नसती केली तर?"

"तर वळला नसता."

हे मी बोलले. माझ्याच तोंडाने, चहाचा कप हातात धरून. बोलून झाल्यावर मला ऐकू आलं.

विहीणबाई शाळेत होत्या तेव्हा मुलांवर ओरडत असतील असं मला वाटायचं. ओरडत नसणार. त्या नुसत्या बघत बसतात, ते जास्त वाईट.

मी म्हटलं, आत्ता बघू. अंगुस्तान काढून त्यांच्या हातात दिलं. साहेब फरशीवर झाकण फिरवत होते. विहीणबाईंनी हाक मारली. नाही. मी मारली. नाही. साहेब म्हणून मारली, सोन्या म्हणून मारली, बापाचं नाव घेऊन चार शिव्या घालून मारली. झाकण फिरत होतं. खाली रस्त्यावर भंगारवाल्याने घंटी वाजवली, तर चटकन मान वर. म्हणजे कान ठणठणीत.

मला राहवेना. अंगुस्तान परत घेतलं आणि वाजवलं. वळला. कशाकडे बघितलं असेल? माझ्या बोटाकडे. मी बोट डावीकडे नेलं, नजर डावीकडे. उजवीकडे नेलं, उजवीकडे. मी मध्ये कुठेच नव्हते.

इतके दिवस मला वाटत होतं तो माझ्याकडे बघतो.

गुरुवार, २१ मार्च

आज काही सांगायचं नाही. चहा पिऊन जा.

(साखर घालायला विसरल्या होत्या. मी तसाच प्यायले. – लिहिणारी)

रविवार, २४ मार्च

काल सांगितलं सूनबाईला. ती गच्चीत कपडे वाळत घालत होती. मला वाटलं, हात कामात असले म्हणजे माणूस कमी चिडतं.

"त्या दिवशी डॉक्टरणीकडे तो हाकेने नाही वळला. मी वाजवत होते."

तिने हातातला शर्ट उलटाच दोरीवर टाकला. "किती वेळा?"

"प्रत्येक वेळी."

त्याच्या खांद्यांना चिमटे लावले. मग म्हणाली, "आई, मी वर्षभर सांगतेय, काहीतरी वेगळं आहे. तुम्ही म्हणता आमच्या घरात उशिरा बोलतात. हे म्हणतात होईल. माझी आई म्हणते धीर धर. मला वाटायला लागलं, माझंच डोकं फिरलंय. त्या दिवशी कुणीतरी सांगेल असं वाटत होतं. हो बाई, तुला दिसतंय ते खरं आहे, आणि आता हे असं असं करायचं. एवढंच हवं होतं मला."

मी म्हटलं, "फोन करून डॉक्टरणीला सांग ना."

"मी नाही सांगणार. वाजवलं तुम्ही, सांगायचं तुम्ही."

बरोबर आहे. तिने उलटा शर्ट काही सुलटा केला नाही. चिरंजीव आज सकाळी तोच घालून डेपोत गेले, खांद्यावर चिमट्यांच्या खुणा घेऊन.

"धीर धर" तुम्ही म्हणाला होतात, विहीणबाई? लिहा, लिहा. लिहायला लाज कसली.

शुक्रवार, २९ मार्च

सूनबाई माझ्याशी कामापुरतं बोलते. "दूध आलं." "दार लावा." चिरंजीव आमच्या दोघींच्या मध्ये, भर चौकात बस बंद पडल्यासारखा उभा. काल म्हणाला, "आई, एवढं काय, बोलेल की तो."

मी म्हटलं, "गप्प बस. तुला काय कळतं?"

"आत्ता आत्तापर्यंत तूच म्हणत होतीस ना?"

"म्हणत होते. आता नाही म्हणत. जेव."

पोळलंय त्यालाही. एरवी ताटावर बडबड करतो, काल मुकाट जेवला. मग साहेबांशेजारी फरशीवर आडवा झाला आणि झाकण फिरताना बघत राहिला. दोघांची डोकी एकमेकांना टेकलेली. साहेबांनी ते चालवून घेतलं.

मंगळवार, ९ एप्रिल

आत गेल्या गेल्या मी डॉक्टरणीला सांगून टाकलं. बसायच्या आधीच, नाहीतर बसल्यावर मी काहीतरी विनोद केला असता.

ती म्हणाली, "ऐकू आलं होतं मला, आजी. दर वेळी."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"कुणाला तोंडावर पाडून मला काही दिसत नाही. म्हणून तर पुन्हा बोलावलं. आणि एक सांगू का, टकटक ऐकून वळायला तो शिकला. कुणी शिकवलं?"

"मी."

"म्हणजे तो शिकतो. हे मला फार कामाचं आहे." असं म्हणून तिने लिहून घेतलं. चोराला पकडून वर शाबासकी दिल्यासारखं झालं मला. "आज मात्र काही करायचं नाही. काहीच नाही."

विहीणबाई, मी आयुष्यात पुष्कळ कामं केली. उभ्याने केली, पाठ मोडेपर्यंत केली. काही न करण्याएवढं अवघड काम केलं नव्हतं. दोन्ही हात मांडीखाली घालून बसले. तिने हाक मारली. साहेब गाडीचं चाक फिरवत होते. पुन्हा हाक मारली. माझा उजवा हात मांडीखालून निघाला, मी काढला नाही, तो निघाला. तेवढ्यात सूनबाईने वरून तिचा हात ठेवला. धरायला ठेवला की दाबून ठेवायला, ते मी विचारलं नाही. हाक मारून झाली तरी काढला नाही, एवढं खरं.

नाही वळला. एकदाही नाही. आणि खोलीत कुणी त्याला रागावलं नाही, की हळहळलं नाही. डॉक्टरीणबाई नुसती बघत होती, आणि मीही पहिल्यांदाच नुसती बघत होते. चाक फिरताना त्याची बोटं कशी थरथरतात, ओठ कसे हलतात. किती मनापासून काम करतो पोरगा.

मग तिने सांगितलं. ऑटिझम. विहीणबाई म्हणतात त्याला मराठीत स्वमग्नता म्हणतात. ज्याने हा शब्द काढला त्याने आमचे साहेब बघितले नसणार. ते स्वतःत कुठे मग्न आहेत? ते चाकात मग्न आहेत.

डॉक्टरीणबाई म्हणाली, हा आजार नाही, त्याच्या मेंदूची ठेवणच वेगळी आहे. गोळी नाही, औषध नाही. शिकवायची रीत वेगळी, आणि ती जितकी लवकर सुरू करू तितकं बरं. किती बोलेल, कधी बोलेल, ते आज कुणीही सांगू शकणार नाही. जो सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

सूनबाईने हळूच विचारलं, "माझ्यामुळे झालं का? जेवताना मोबाइल दाखवते मी."

"नाही. मोबाइल कमी करा, चांगलंच आहे. पण त्याने हे होत नाही. आईमुळेही होत नाही."

सूनबाई म्हणाली, "डॉक्टर, जरा मोठ्याने सांगता का? सासूबाईंना कमी ऐकू येतं."

डॉक्टरणीने खरंच मोठ्याने सांगितलं. सूनबाई हसली. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि हसत होती. किती दिवसांनी तिने माझी टिंगल केली. बरं वाटलं जिवाला.

निघताना डॉक्टरणीने विचारलं, घरात आणखी कुणी उशिरा बोललं होतं का, कुणी कमी बोलणारं, नजर टाळणारं? मी ह्यांचं सगळं सांगितलं, स्क्रूंपासून भिंतीपर्यंत. ती ऐकत ऐकत हसली. ह्यांच्या गोष्टी ऐकून सगळेच हसतात.

बुधवार, १० एप्रिल

ह्यांना सांगितलं. मला वाटलं "हं" म्हणतील. हातातला स्क्रू ठेवला आणि म्हणाले, "दुपारी पंखा एकवर ठेवत जा. त्याला फिरणं आवडतं, आवाज आवडत नाही. म्हणून कानावर हात ठेवतो."

एका दमात एवढं बोलले. मी खुर्चीत बसले.

"तुम्हाला कसं कळलं?"

"मलाही तसंच होतं."

"मग इतकी वर्षं मी पंखा तीनवर ठेवतेय, बोलला का नाहीत?"

"विचारलं नाहीस."

घ्या. म्हणे माझ्या घरात कुणाला मागावं लागत नाही.

पंखा एकवर केला. साहेब कानावरचे हात काढून त्याच्याखाली पाठीवर झोपले. थोड्या वेळाने बघते तर हेही शेजारी पाठीवर.

सोमवार, २२ एप्रिल

आता आठवड्यातून दोनदा आम्ही एका बाईंकडे जातो. खोलीत चटई, झोका आणि झाकणाचे डबे. त्या मुलांना खेळता खेळता शिकवतात. मी त्यांना खेळबाई म्हणते. त्यांनी मला साहेबांना केळं देताना बघितलं. सोललं, तुकडे केले, तोंडापुढे धरलं.

"आजी," त्या म्हणाल्या, "तुम्ही फार चांगल्या आहात. तीच अडचण आहे."

असा अपमान माझा कधी कुणी केला नव्हता.

तर नवा नियम. द्यायचं नाही, थांबायचं. केळं दिसेल असं धरायचं, आणि तो काय करतो ते बघायचं. हात पुढे करेल, आवाज करेल, माझं मनगट ओढेल, काहीही चालेल. ते मागणंच आहे, लगेच द्यायचं. डोळ्यांत बघ म्हणून हट्ट धरायचा नाही. तो ऐकतो तेव्हा बघत नाही, कारण दोन्ही एकदम जड जातं.

दुसरा नियम ऐका. मुद्दाम चुकीचं करायचं आणि थांबायचं. पायमोजा कानात घालायचा. कप उलटा ठेवून त्यात दूध ओतायचं नाटक करायचं. तो काय म्हणतो ते बघायचं.

मी म्हटलं, "म्हणजे मस्करी?"

"हो, मस्करीच."

उभा जन्म लोक मला सांगत आले, मस्करी आवर. आज डॉक्टरी हुकुमाने करायला मिळाली.

मंगळवार, ७ मे

मस्करी चालत नाही. पायमोजा हाताला घातला, साहेबांनी ओढून काढला, झाकणाकडे गेले. डोक्यावर भांडं घेऊन बसले, बघितलंसुद्धा नाही. अशी प्रेक्षकाविना करमणूक मी रोज करतेय.

आणि काल औषधाच्या दुकानापाशी साहेब रस्त्यावर आडवे झाले. दुकानाची दिव्यांची पाटी दुरुस्तीला काढली होती, रोजची दिसली नाही, एवढंच. किंचाळून किंचाळून लाल झाला. एक बाई थांबून म्हणाली, "फार लाडावलंय."

मी म्हटलं, "हो, मीच लाडावलंय. तुम्हाला थोडं हवंय का?"

गेली. पण मला त्याला उचलता येईना, समजावता येईना. शेवटी मीही पायरीवर बसले. सूनबाईचं दुकान जवळच, आवाज ऐकून ती एप्रनसकट पळत आली. तिला वाटलं मी पडले. मग तीही शेजारी बसली. आम्ही दोघी तशाच बसून राहिलो, आणि तो हळूहळू आपला आपण शांत झाला. मग येऊन सूनबाईच्या मांडीत पाठ घुसवून बसला, तोंड रस्त्याकडे.

खाजगी वही आहे म्हणून सांगते. कधी कधी वाटतं, टकटकच बरी होती. एक टक आणि मान वळायची. आता रोज थांबायचं, आणि कशासाठी थांबलोय ते पुढ्यात दिसत नाही. खेळबाई म्हणतात, होतंय. केळ्यासाठी आता तो हात पुढे करतो, परवा तर "आ" म्हणाला. मी एक अख्खं केळं दिलं. जास्त दिलं, कळतंय मला.

अंगुस्तान बोटातून काढून ठेवलंय. बोट हलकं लागतं. भाजी चिरताना जपून चिरते.

शनिवार, १८ मे

विहीणबाई, आज नीट लिहा. तुमच्या डोळ्यांनी तुम्ही बघितलंय, तरी मी सांगते तसं लिहा.

सकाळची वेळ. चिरंजीवांची सुट्टी, ते अंघोळीला. सूनबाई चहा गाळत होती, तुम्ही वाटाणे सोलत होतात. मी साहेबांना बाहेर न्यायची तयारी करत होते. एक मोजा घातला. दुसरा मी माझ्या कानावर टांगला आणि थांबले. रोजचंच. मला वाटलं, ओढतील आणि जातील.

ओढला. पण गेले नाहीत. मोज्याकडे बघितलं, माझ्या कानाकडे बघितलं. आणि मोजा घेऊन चालायला लागले, एक पाय मोज्यात, एक उघडा. गेले खिडकीपाशी. हे स्क्रू लावत होते. साहेब खुर्चीच्या दांडीवर चढले, आणि ह्यांच्या कानावर मोजा टांगला.

उतरले. आणि थांबले.

कसे थांबले ते सांगते. मी थांबते ना, तसे. हात बाजूला, अंग पुढे झुकलेलं, श्वास धरलेला. आता हा काय करतो बघू, असे. सूनबाईने गाळणी तशीच धरली होती, चहा ओट्यावर सांडत होता. 

ह्यांना बिचाऱ्यांना काय करावं कळेना. एका कानावर मोजा, हातात स्क्रू. स्क्रू खाली ठेवला. मोजा हाताने चाचपला. साहेबांच्या पोटातून हसू निघालं, ते गुदगुल्या केल्यावर येतं तसं नाही, आतून, स्वतःच्याच करणीचं. आणि हसता हसता त्याने वळून बघितलं. कुणी हाक मारली नव्हती. अंगुस्तान कपाटात होतं. तो ह्यांच्याकडून माझ्याकडे वळला, माझ्या तोंडाकडे बघितलं, पुन्हा ह्यांच्या कानाकडे, पुन्हा माझ्याकडे. बघितलंस का, असं.

डॉक्टरणीकडे याला एक नाव आहे. ते लिहू नका, पान जड होईल.

मी सांगणार होते ह्यांना. हसा, काढून त्याच्या कानावर ठेवा, काहीतरी करा. जिभेवर आलं होतं. उभा संसार मी ह्यांच्या वतीने बोलले आहे. गप्प बसले.

मग ह्यांनी मान वळवली. भिंतीकडे नाही. हेही माझ्याकडे बघायला लागले, कानावर निळा मोजा घेऊन, आता पुढे काय, असे. दोघेही माझ्याकडे बघत होते.

मी हात मांडीखाली घालून बसून राहिले.